अमेरिकेने परवानगी दिल्यावरही बोइंग ७३७ मॅक्स विमानं भारतात नऊ महिने उभी ठेवणं योग्य होतं का?

ठाणेकर
ऑक्टोबर २०१८ मध्ये लायन एअरचं ७३७ मॅक्स जावा समुद्रात पडलं, १८९ माणसं गेली. मार्च २०१९ मध्ये इथिओपियात दुसरं पडलं, १५७ गेली. जगभर मॅक्स ग्राउंड झाली ते बरोबरच. आक्षेप पुढच्या भागाला आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, म्हणजे एफएएने, १८ नोव्हेंबर २०२० ला परत उडायची परवानगी दिली, युरोपने २७ जानेवारी २०२१ ला आणि आपल्या नियामकाने, डीजीसीएने, थेट २६ ऑगस्ट २०२१ ला.

दोन्ही अपघातांत एमसीएएस हे विमानाचं नाक आपोआप खाली करणारं सॉफ्टवेअर एका सेन्सरच्या चुकीच्या रीडिंगवर पुन्हा पुन्हा चालू झालं होतं. नवीन एमसीएएस एका सेन्सरऐवजी दोन्हींचं रीडिंग बघतं आणि एका प्रसंगात एकदाच नाक खाली करतं. दोष सापडला, दुरुस्त झाला. ना विमान आपलं, ना सॉफ्टवेअर. मग आपण इतके महिने काय तपासत होतो? उभ्या विमानाचं भाडं चालूच राहतं. स्पाइसजेटची डझनभर मॅक्स अशी पडून होती. १९७९ मध्ये शिकागोत २७३ बळी गेल्यावर डीसी-१० ग्राउंड केलं, तेही पाच आठवड्यांत परत उडालं.

हँगर_नाईटशिफ्ट
डीसी-१० इथे लागू होत नाही. तिथे इंजिन आणि पायलॉन (इंजिन पंखाला धरून ठेवणारा भाग) एकत्रच फोर्कलिफ्टने उतरवायची चुकीची पद्धत पडली होती, त्यात पायलॉनला तडा गेला. तडे शोधायचे, पद्धत बंद करायची, काम झालं. मॅक्सचा दोष डिझाइनमध्येच होता.

आणि घाईने परत उडायला सोडलेलं विमान काय करतं ते लायन एअरच्याच विमानात बघा. आदल्या रात्री बाली-जकार्ता फ्लाइटमध्ये हाच प्रकार झाला. बालीत बदललेला, विमानाचा हवेशी असलेला कोन मोजणारा सेन्सर २१ अंशांनी चुकीचं दाखवत होता. कॉकपिटमध्ये जादा पायलट होता, स्टॅब ट्रिमचे (शेपटीचा आडवा पंख हलवून नाक वर-खाली करणाऱ्या मोटरचे) स्विच बंद केले, विमान सुखरूप उतरलं. पण स्टिक शेकर (धोक्याचा इशारा म्हणून पायलटचा दांडा हलवणारा) सबंध फ्लाइटभर थरथरत होता आणि ते स्विच वापरावे लागले, याची लॉगबुकात नोंदच नाही. रात्री जकार्तात जेवढं लिहिलं होतं तेवढं बघून विमान क्लिअर केलं. सकाळी तेच निघालं. मी या धंद्यात आहे. ‘सकाळची पहिली फ्लाइट आहे, सोडा’ हा दबाव काय असतो ते मला कुणी सांगायला नको.

ठाणेकर
तुमचा मुद्दा एका विमानाचा, एका रात्रीचा. तो शंभर टक्के मान्य. मी नियामकाबद्दल विचारतोय. युरोपने वेळ घेतला आणि त्यातून स्वतःच्या अटी घातल्या: खोटा स्टिक शेकर थांबत नसेल तर त्याचा ब्रेकर ओढून तो बंद करायची मुभा, काही अतिअचूक लँडिंगना बंदी. थांबण्यातून काहीतरी निघालं. आपण वेगळं काय मागितलं?

मीरा_पुणे
वेगळी अट घातली नाही म्हणजे वेळ फुकट गेला असं नाही. दुसऱ्यांची विमानं काही महिने कशी उडतात ते बघणं हीसुद्धा तपासणीच आहे. एफएएने प्रमाणपत्राचं बरंचसं काम बोइंगच्याच माणसांवर सोपवलं होतं, हे चौकशीत उघड झालंय. त्यांच्या सहीवर लगेच आपली सही का करायची? मार्च २०१९ आठवा. चीनने ११ तारखेला विमानं थांबवली, युरोपने आणि आपण १२ ला, अमेरिकेने १३ ला. थांबवताना आपण त्यांची वाट बघितली नाही आणि ते योग्य ठरलं. सोडताना मात्र त्यांच्या मागोमाग धावायचं?

रनवे२७
ठाणेकरांशी सहमत. बोइंग ७८७ ड्रीमलायनरच्या बॅटरीचं प्रकरण कुणी काढलंच नाही. जानेवारी २०१३ मध्ये ग्राउंड, एप्रिलमध्ये दुरुस्ती मंजूर, मे महिन्यात एअर इंडियाची ड्रीमलायनर परत हवेत. बॅटरी का पेटली याचं मूळ कारण तेव्हा सापडलंही नव्हतं. पेटलीच तर आग आत राहावी म्हणून स्टीलची पेटी आणि धूर बाहेर काढणारी नळी, एवढ्यावर परवानगी दिली. निर्णय व्यवहारी होता आणि टिकला. शंभर टक्के खात्रीची वाट बघत बसलं तर एकही विमान उडणार नाही.

हँगर_नाईटशिफ्ट
७८७ तीन-चार महिने उभं होतं, मॅक्स दोन वर्षांहून जास्त. एवढा काळ उभं राहिलेलं विमान किल्ली फिरवून निघत नाही. टाकीत पाणी साचतं, टायर एका जागी बसतात, वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांवरची कव्हरं काढून आत किडे-माती शिरली नाही ना ते बघावं लागतं. मॅक्सला त्यावर आणखी काम: नवीन सॉफ्टवेअर, ट्रिमच्या वायरिंगमधलं अंतर वाढवणं, सेन्सरची टेस्ट, प्रवासी घेण्याआधी एक रिकामी फ्लाइट. शिवाय प्रत्येक पायलटला सिम्युलेटर.

ठाणेकर
पण यातली बरीचशी कामं परवानगीची वाट बघतानाच उरकता आली असती ना? हँगर रिकामे होते, कोविडमुळे फ्लाइट कमी होत्या. ती वेळ हातची घालवली, हेच माझं म्हणणं आहे.

मीरा_पुणे
फ्लाइट कमी होत्या, म्हणजे थांबण्याची किंमतही कमी होती. आणि दुरुस्तीवर विश्वासाचं म्हणाल तर, इथिओपियाच्या पायलटांनी स्टॅब ट्रिमचे ते स्विच बंद केले होते. पण वेग इतका होता की हाताने ट्रिमचं चाक फिरेना. बोइंगच्या सूचनेतला स्विच वापरूनही विमान हाताबाहेर गेलं. हे वाचल्यापासून कंपनी ‘आता ठीक आहे’ म्हणाली, एवढं मला पुरत नाही. डीजीसीएने नऊ महिन्यांत काय बघितलं ते प्रवाशाला कळेल अशा भाषेत जाहीर करावं, ही मागणी तुम्ही केलीत तर माझी सही पहिली.

ठाणेकर
ती मागणी आहेच. मुदतीचं काय? पुढचं विमान ग्राउंड झालं की पहिल्याच आठवड्यात सांगा, कुठल्या तपासण्या होणार आणि कधीपर्यंत.

हँगर_नाईटशिफ्ट
तपासण्यांची यादी द्या, जरूर द्या. तारीख नको. तारीख लावली की तिचा दबाव रात्रपाळीतल्या सही करणाऱ्यावर येतो.