१६७४च्या मुंबईतली खूनकथा: खाडी, तारखा आणि विष

कोरीपाटी: कादंबरी नोव्हेंबर १६७४च्या मुंबईत घडते, जेराल्ड ऑन्जियर गव्हर्नर असताना. माझगावात अमावास्येच्या मध्यरात्री एका दलालाचा खून होतो. खुनी माझगाव आणि मुंबई या बेटांमधली उमरखाडी पायी ओलांडतो, चर्चगेटातून आत शिरतो आणि पहाटे वखारीत कामावर हजर असतो. पुरावा म्हणजे वांद्र्याच्या पाद्र्याचं तारीख घातलेलं पत्र. मयताला आधी जेवणातून काहीतरी दिलेलं आहे. यातलं काय टिकणार नाही?

भांगउधाण: मध्यरात्रच टिकणार नाही. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्येला, म्हणजे पंधराव्या तिथीला, सव्वाअकरा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरा. म्हणजे तुमचा खुनी निघतो तेव्हा खाडी उधाणाच्या पाण्याने तुडुंब भरलेली असते.

पण अमावास्या सोडू नका. उधाणाला जशी भरती मोठी, तशी ओहोटीही खोल. त्या दिवशी पाणी संध्याकाळी सहाच्या सुमारास सर्वांत खाली जातं, आणि नोव्हेंबरात सूर्यही तेव्हाच बुडतो. खुनी तिन्हीसांजेला चालत माझगावात येईल. परतीची वाट मात्र थेट पहाटे सहाला उघडेल. मधली रात्र तो तिथेच अडकला, नाहीतर त्याला होडी लागली, आणि होडी म्हटली की साक्षीदार आला. कथानक इथेच आहे!

अष्टमीला ओहोटी मध्यरात्री येते खरी, पण भांगाचं, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांचं, पाणी पुरेसं उतरत नाही. शिवाय शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीपर्यंत आकाशात असतो.

चिखल विसरू नका. पिंडरीवर वाळलेला राखाडी थर आणि तळव्यांना कालवांच्या शिंपल्यांचे बारीक काप, एवढ्यावर माणूस ओळखता येईल.

मोडीवाचक: पत्राची तारीख तुमच्या हातातलं सर्वांत धारदार हत्यार आहे. वांद्रे पोर्तुगीजांकडे, तिथे सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून नवं (ग्रेगोरियन) पंचांग. मुंबईचे इंग्रज १७५२पर्यंत जुन्यावरच (ज्युलियन). सतराव्या शतकात फरक १० दिवसांचा: वांद्र्यात १२ नोव्हेंबर, तेव्हा माहीमची खाडी ओलांडली की २ नोव्हेंबर. इंग्रजांचं कायदेशीर वर्षही २५ मार्चला बदले. म्हणून कथा फेब्रुवारीत नेलीत तर मुंबईच्या कागदावर १६७४ आणि वांद्र्याच्या कागदावर १६७५ येईल. गावातल्या साक्षीदाराच्या तोंडी तिथीच ठेवा. तिन्ही नोंदी जुळवणारा कारकून हाच तुमचा खरा तपासनीस.

चर्चगेट काढाच. शहराचा तट अठराव्या शतकातला, आणि ज्या सेंट थॉमस चर्चवरून दरवाजाला नाव पडलं ते १७१८चं. १६७४मध्ये किल्ला म्हणजे फक्त बॉम्बे कॅसल.

धोतराफूल: सोमल (आर्सेनिक) नको. तो शरीरात नक्की सापडवणारी मार्शची चाचणी १८३६ची. धोतरा घ्या. नोकर मालकाला धोतरा चारून चोरी करतात, हे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताने गोव्यात १५६३ साली छापलेल्या ग्रंथात आहे. धोतऱ्याचं बी मिरचीच्या बियांत मिसळून जातं. नीट पाहिलं तर ते मूत्रपिंडाच्या आकाराचं असतं. लक्षणं क्रमाने लिहा: तोंडाला कोरड, अंग लाल आणि तापलेलं, असंबद्ध बडबड, हवेतलं काहीतरी चिमटीत पकडण्याची धडपड. बाहुल्या इतक्या मोठ्या होतात की दिवा जवळ आणला तरी लहान होत नाहीत. माणूस वाचला तर त्या रात्रीचं त्याला बहुधा आठवत नाही. म्हणून मयताबरोबर जेवलेला एक जण जिवंत ठेवा.

खटला १६७२मध्ये सुरू झालेल्या न्यायालयात, इंग्रजी कायद्याने चालेल. त्या कायद्यात आरोपीला शपथेवर साक्ष देता येत नसे, तेव्हा कबुली कोर्टाबाहेरच घडवा.