मराठी सिनेमा पहिल्यांदाच पाहणाऱ्याला तुम्ही काय दाखवलंत?

जाऊबाईंचा मुलगा हैदराबादला वाढलाय. मराठी समजतं, बोलताना अडखळतो. गणपतीला आमच्याकडे येतोय आणि आधीच फर्मान सुटलंय : 'काकू, एखादा मराठी पिक्चर दाखव, पण रडका नको.' नुसत्या नावांच्या याद्या माझ्याकडे ढीगभर आहेत. तुम्ही खरोखर कुणाला दाखवलात, तो कुठे हसला आणि कुठे मोबाईल काढून बसला, ते हवंय.

घाटावरची
नवरा मदुराईकडचा. लग्नानंतर त्याला पहिला दाखवला तो 'वळू'. गावात देवाला सोडलेला डुरक्या नावाचा वळू, कुठे काहीही मोडलं की नाव त्याचंच, आणि त्याला पकडायला आलेला वनखात्याचा साहेब. एवढीच गोष्ट. साहेबाचा भाऊ कॅमेरा घेऊन फिरतो आणि गावातला प्रत्येक जण त्याच्यासमोर आपापला वळू रंगवून सांगतो. अतुल कुलकर्णीचा साहेब नवऱ्याला ठीक वाटला, पण या कॅमेऱ्यासमोरच्या माणसांवर तो जाम खूश. मध्येच सिनेमा थांबवून त्यानेच मला ऐकवलं, की त्यांच्याकडे देवळाचा बैल मेला तर अख्खं गाव माणसासारखी अंत्ययात्रा काढतं. मग काय, अर्धा तास सिनेमा तसाच थांबलेला आणि आमच्या गप्पा बैलांवर! शेवटाकडे तर तो उघड उघड वळूच्या बाजूने होता. आता सासूबाई फोनवर विचारतात, त्या बैलाचा सिनेमा परत कधी लावणार म्हणून. भाषा अर्धी कळली तरी अडत नाही. काकू, बिनधास्त लावा.

सदाशिवपेठी
'अशी ही बनवाबनवी'. विषय संपला.

रिकामटेकडा
संपला कसा? आपण तो टीव्हीवर लहानपणापासून पाहिलाय, संवाद पात्रांच्या आधी आपण म्हणतो. नव्या माणसाला ती सवय नसते. आमच्या ऑफिसातल्या लखनौच्या मित्राला साडीतले सचिन आणि लक्ष्या आवडले, पण आम्ही सगळे दर वाक्याला आधीच हसत होतो आणि तो बिचारा आमच्या तोंडाकडे बघत होता. लावायचाच तर पाठांतर असलेल्यांना खोलीबाहेर ठेवा.
त्याच मित्राला नंतर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' दाखवला. दादासाहेब फाळक्यांनी 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' कसा उभा केला त्याची गोष्ट. घरातलं सामान विकलं जातंय, बायका काम करायला तयार नाहीत, म्हणून तारामतीला पुरुष शोधायचा, आणि हे सगळं परेश मोकाशींनी रडगाणं न करता मजेत सांगितलंय. नंदू माधव तर अफलातून. लांबीही आटोपशीर. तुमच्या पुतण्याच्या अटीत चोख बसतो.

जर्सीतली मावशी
आमचा मुलगा अकरा वर्षांचा असताना 'किल्ला' एकत्र पाहिला. नुकतीच शाळा बदलली होती, त्यामुळे आईच्या बदलीपायी कोकणात आलेला चिन्मय त्याला फार काही समजावून द्यावा लागला नाही. सायकलची शर्यत, किल्ल्यावर धो धो पाऊस आणि मित्र त्याला तिथेच सोडून निघून गेलेले. तेव्हा आमचा म्हणाला, 'दॅट बंड्या इज द वर्स्ट.' शेवटी मात्र आवडता कोण? बंड्याच. हळू चालणारा सिनेमा आहे हे खरं, पण अविनाश अरुण स्वतः कॅमेरामन असल्यामुळे नुसता पाऊस बघतानाही कंटाळा येत नाही. मोठ्या पडद्यावर लावा. फोनवर पाहिलात तर अर्धा गेला.

ऊसवाला
होस्टेलात पाटण्याचा एक जण होता, त्याला आम्ही 'सामना' दाखवला. कृष्णधवल म्हटल्यावर आधी तोंड वाकडं केलं गड्यानं. पण निळू फुल्यांचा हिंदुराव दिसला, त्याचा कारखाना, त्याची माणसं, त्याचं ते गोड बोलणं, आणि हा ताठ होऊन बसला. 'ऐसा एक हमारे यहाँ भी है.' लागूंचा दारुडा मास्तर आणि हिंदुराव समोरासमोर येतात तेव्हा तर चहा आणायलाही कोणी उठलं नाही. तेंडुलकरांचं लिखाण आहे, उगाच नाही. 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता म्हणे आमचा ऊसपट्टा! रडका नक्कीच नाही. पण आवाज नीट असलेली प्रिंट शोधा.

दादरकर
'सैराट' कुणीच कसा काढला नाही? त्याचा हिंदी रिमेक 'धडक' पाहून आलेल्या दोन मैत्रिणींना दाखवला. हिंदीत जातीचा काटाच बोथट करून टाकलाय, त्यामुळे शेवट माहीत असूनही दोघी हादरल्या. तुमच्या अटीत बसत नाही, हे मान्य.

पोटभाडेकरू
माझं मत 'कोर्ट'ला. एका लोकशाहिरावर खटला, आरोप असा की त्याच्या गाण्यामुळे सफाई कामगाराने आत्महत्या केली. तारीख पे तारीख, आणि मधेच सरकारी वकील बाई मुलाला घेऊन घरी जाऊन स्वयंपाक करतात. माझा गुजराती घरमालक तो पाहून खो खो हसला, कारण त्याने स्वतः जागेच्या दाव्यात वर्षं घालवली आहेत.

सदाशिवपेठी
'कोर्ट' बघून हसणारा माणूस? आमच्याकडे सगळे वीस मिनिटांत पेंगले.

पोटभाडेकरू
त्यांच्यावर एक दावा लावून बघा, मग दाखवा.