आयुका, चंडीगढ, अहमदाबाद: आधुनिक इमारती मुद्दाम बघायला गेलेल्यांचे अनुभव

औंधकरीण
गड, लेणी, वाडे बघायला आपण ऊन-पाऊस बघत नाही. पण ना कळस, ना महिरप, अशी गेल्या साठ-सत्तर वर्षांतली एखादी इमारत मुद्दाम बघायला कोणी गेलंय का? गेला असाल तर लिहा.

माझ्यापासून सुरुवात. पुणे विद्यापीठाच्या आवारातली आयुका, म्हणजे खगोलशास्त्राची संशोधन संस्था. संस्था १९८८ची, जयंत नारळीकर पहिले संचालक, इमारत आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची. विज्ञान दिनाच्या गर्दीतून आत शिरले. लोक प्रयोगांच्या टेबलांभोवती, मी भिंतीजवळ. खाली खडबडीत काळा बेसॉल्ट, त्यावर जास्त काळा कडप्पा आणि सगळ्यात वर चकचकीत ग्रॅनाइट. त्या वरच्या पट्टीत आभाळ उतरतं, त्यामुळे भिंत नेमकी कुठे संपली ते पटकन कळत नाही. हात लावून बघितला तेव्हा सुरक्षारक्षक काका म्हणाले, "मॅडम, प्रदर्शन तिकडंय."

जोत्यावरचा
काळ्या दगडाचं कौतुक पेठेत वाढलेल्याला काय सांगता! आमच्या वाड्याचं जोतं त्याचंच होतं. मला तिथे फार काळं-काळं वाटलं, जीव रमला नाही. चौकातलं पायऱ्यांचं कुंड मात्र मानलं. पायऱ्या उतरत गेलं की चौकातले आवाज वरच राहतात. न्यूटन, आइनस्टाइन, गॅलिलिओ आणि आर्यभट यांचे पुतळे चौथऱ्यावर चढवलेले नाहीत, हेही आवडलं. नाहीतर आपल्याकडे पुतळा म्हटला की आधी कठडा आणि मग हार.

दोन मुलांची आई
आमची धाकटी आयुकातल्या फुको लंबकापाशी (पृथ्वीचं फिरणं दाखवणारा लांब लंबक) अडून बसली. "हा सरकतोय कुठे?" तिथल्या विद्यार्थ्याने छान समजावलं: लंबक आपल्या रेषेतच झुलतो, फिरते ती खालची जमीन. ध्रुवावर फेरी साधारण २४ तासांत पुरी होईल, पुण्याच्या अक्षांशावर जवळजवळ ७५ तास लागतात. म्हणजे तासाला पाचेक अंश. मग काय, डबा तिथेच बाहेर बसून खाल्ला आणि पुन्हा आत जाऊन "सरकला का" बघितलं. सरकला होता! इमारतीबद्दल विचाराल तर सावलीतून उन्हात आणि उन्हातून परत सावलीत सतत जावं लागतं. मुलं त्यामुळे कंटाळली नाहीत असं माझं मत.

कोबावाला
माझा धंदा वॉटरप्रूफिंगचा. अहमदाबादला कामाला गेलो होतो, तिथल्या आर्किटेक्टने बळेच 'संगाथ'ला नेलं. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींचं ऑफिस. (दोशी जन्माने पुण्याचे, १९२७चे. २०१८ला प्रित्झ्कर, म्हणजे वास्तुकलेतला सर्वात मानाचा पुरस्कार, मिळालेले पहिले भारतीय. आपल्याकडे किती जणांना माहीत आहे?) अर्धी इमारत जमिनीत, वर पिंपासारखी गोल छपरं आणि त्या छपरांवर चक्क चायना मोजॅक! आपण गच्चीवर कोब्यानंतर फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवतो, तेच. ऊन परतवायला याच्यासारखं स्वस्त काही नाही, हे मी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगतोय. गोलाईवर तुकडे बसवणं सोपं नसतं, तुकडा लहान घ्यावा लागतो. मी गुडघ्यावर बसून सांधे बघत होतो, बाकीचे फोटो काढत होते.

स्केलपट्टी
चंडीगढ, कॉलेजची सहल. हायकोर्टाचे हिरवा, पिवळा, लाल असे तीन प्रचंड खांब पुस्तकात देखणे दिसतात. समोर उभं राहिल्यावर आपण मुंगी. हायकोर्ट ज्यात आहे तो सरकारी इमारतींचा समूह, कॅपिटॉल कॉम्प्लेक्स, २०१६पासून जागतिक वारशात आहे, पण दोन इमारतींमधलं काँक्रीटचं पटांगण मे महिन्यात ओलांडायला लावणाऱ्या त्याच्या आर्किटेक्टला, ल कार्बूझिएला, माझा दंडवत नाही. ओळखपत्र न्या, बरोबर गाइड असतो.

जोत्यावरचा
@कोबावाला, आमच्या गच्चीचं चायना मोजॅक दोन ठिकाणी उखडलंय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

औंधकरीण
धागा भरकटवू नका हो. दिल्लीचं, आर्किटेक्ट राज रेवाल यांचं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनाचं दालन कोणी आतून बघितलंय का? १९७२चं ते, २०१७ला पाडलं. कोणाकडे आठवण असेल तर सविस्तर लिहा.