पीआयसीयूच्या पाटीवरच्या पदव्या कशा वाचायच्या?

मामी_बार्शीकर
नणंदेचा मुलगा, वय ५, सोलापूरला एका खासगी हॉस्पिटलच्या पीआयसीयूत, म्हणजे लहान मुलांच्या आयसीयूत आहे. डेंग्यू. ताप उतरला तरी पोर सुस्त पडलंय म्हणून बार्शीच्या डॉक्टरांनीच तातडीने पुढे पाठवलं. दारावर मुख्य डॉक्टरांची पाटी आहे: एमबीबीएस, डीसीएच, डीएनबी, आयडीपीसीसीएम. माझे दीर पुण्याहून फोनवर म्हणतात, “यात डीएम कुठंय? पोराला इकडे हलवा.” डॉक्टरांना तोंडावर ‘तुम्ही काय शिकलात’ असं विचारवत नाही. कुणी समजावून सांगेल का?

सदाफुली
नोंदणी खरी आहे का ते महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर बघता येतं. हलवण्याबद्दल मात्र जाणकारांनीच बोलावं.

रात्रपाळी_डॉक्टर
मामी, मी याच शाखेतली. मुंबईत शिकले, आता मराठवाड्यात आहे. आधी हलवण्याचं बोलते, पदव्या कुठे पळून जात नाहीत.

डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं. हा काळ साधारण २४ ते ४८ तासांचा. त्यात बीपी सांभाळत असलेलं पोर पाटीवर दोन अक्षरं कमी आहेत म्हणून अँब्युलन्समध्ये घालून पुण्याला नेणं मला पटत नाही. तिथले डॉक्टरच म्हणाले की आमच्याकडे अमुक सोय नाही, तर गोष्ट वेगळी.

आता पाटी. डीसीएच हा लहान मुलांच्या आजारांचा दोन वर्षांचा डिप्लोमा. त्यावर डीएनबी म्हणजे राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी, एमडीच्या तोडीची. म्हणजे ते पूर्ण बालरोगतज्ज्ञ झाले. आयडीपीसीसीएम हा त्यानंतर मुलांच्या आयसीयूतच राहून करायचा कोर्स. तो क्रिटिकल केअरवाल्यांच्या संघटनेचा, विद्यापीठाचा नव्हे. पण तो केलेला माणूस व्हेंटिलेटर, सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेत घालायची नळी), शॉक (बीपी कोसळणं) यांत मुरलेला असतो.

दीर म्हणतात ती डीएम ही एमडीच्या पुढची सुपरस्पेशालिटी पदवी, म्हणजे बारावीनंतर साडेपाच वर्षे एमबीबीएस, तीन वर्षे एमडी, मग नीट-एसएस ही प्रवेशपरीक्षा देऊन आणखी तीन. बॉण्ड आणि परीक्षांच्या तयारीत जातात ती वर्षे वेगळीच. डीआरएनबी पीडियाट्रिक क्रिटिकल केअर हीसुद्धा त्याच पायरीची. पण या जागा अजूनही मोजक्या आहेत, आणि आज पन्नाशी-साठीत असलेल्यांच्या तरुणपणी आपल्याकडे हा रस्ताच धड नव्हता. कुणी परदेशात जाऊन शिकलं, कुणी मोठ्या हॉस्पिटलात सीनियरच्या हाताखाली. माझे स्वतःचे सर डीएम नाहीत, आणि श्वासनलिकेत अवघड ट्यूब टाकायची वेळ आली की आम्ही डीएमवाले त्यांनाच हाक मारायचो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तर एमडी मेडिसिन, बालरोगतज्ज्ञसुद्धा नव्हेत. पण विंचू चावलेल्या पोराला प्राझोसिन हे औषध द्यायचं हे आम्ही त्यांच्याच कामातून शिकलो.

एक खाचखळगा मात्र आहे. पाटीवर नुसती निओनॅटॉलॉजीची फेलोशिप असेल तर ते नवजात बाळांचं शिक्षण, पहिल्या २८ दिवसांचं. तेही कठीणच, पण पाच वर्षांच्या पोराचा डेंग्यू शॉक हा निराळा विषय. तुमच्या पाटीवर तसं नाही.

सिस्टर_लातूर
मॅडमनी पदव्यांचं सांगितलं, मी पलंगाशेजारचं सांगते. रात्री दोन वाजता आत डॉक्टर कोण असतो ते विचारा. पाटीवरचे डॉक्टर दुपारी राऊंडला येतात. रात्री पोराची नाडी धरणारा वेगळा असतो. काही ठिकाणी तो लहान मुलांचं काहीच न शिकलेला आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचा निवासी डॉक्टर असतो. आणि एका सिस्टरकडे किती पोरं आहेत तेही बघा. शॉकमधल्या पोराजवळून सिस्टर हलता कामा नये. यात विचारायला लाजू नका, कुणाला राग येत नाही. आला तर तेही कळलंच की.

मामी_बार्शीकर
विचारलं! रात्री डीएनबीला शिकणारा एक मुलगा आतच असतो, मोठे डॉक्टर हॉस्पिटलच्या वरच्याच मजल्यावर राहतात. हे ऐकून दीर गप्प. आज पीसीव्ही (रक्ताचा दाटपणा) ४८ वरून ४१ वर आला म्हणाले. पण सलाईन एकदम कमी केलंय, त्याने जीव घाबरा झालाय. पैसे भरायला उशीर झाला म्हणून तर नसेल?

रात्रपाळी_डॉक्टर
नाही हो मामी! झिरपलेलं पाणी परत रक्तात यायला लागलं की सलाईन कमी करावंच लागतं, नाहीतर तेच पाणी छातीत साठून श्वास लागतो. वेळेत चालू करणं बऱ्याच जणांना येतं, वेळेत कमी करणं हे आयसीयूतलं शिक्षण. फक्त एक खात्री करा. पीसीव्ही उतरताना बीपी चांगलं, हातपाय गरम आणि लघवी भरपूर असेल तर पोर सुधारतंय. हातपाय गार असताना उतरला तर कुठे रक्तस्राव होतोय का ते बघावं लागतं. संध्याकाळच्या राऊंडला ‘लघवी किती झाली’ एवढंच विचारा, डॉक्टर बाकीचं आपणहून सांगतील.

मामी_बार्शीकर
दुपारपासून दोनदा भरपूर झाली. आणि खिमट मागतोय.