आजीचं जन्मसाल कसं काढायचं? आणि तिच्याबद्दल एक पानभर लिहायचंय

महालची_नात
नमस्कार मंडळी. आमची आजी मागच्या रविवारी गेली. झोपेतच गेली, त्रास काही झाला नाही. पुढच्या शुक्रवारी तेरवी आहे आणि बाबा म्हणाले फोटोच्या बाजूला ठेवायला तिच्याबद्दल एक पानभर लिही, घरात तुलाच लिहिता येतं. मी बसली लिहायला तर पहिल्याच ओळीत अडली, जन्मसाल काय टाकू? आधारवर ०१/०१/१९३८ आहे, ते अंदाजे टाकलेलं हे सगळ्यांनाच माहीत आहे. आत्या म्हणते पक्की नव्वदीच्या पुढची होती. शाळेत ती गेलीच नाही त्यामुळे दाखला नाही, माहेर भिवापूरजवळच्या एका खेड्यातलं आणि तिकडचं तिच्या पिढीतलं आता कोणीच नाही. एक गोष्ट मात्र ती नेहमी सांगायची, "चिमूरले गोळ्या चालल्या तवा मी नऊ-धा वर्साची होती, आमच्या बापानं नागपंचमीचा झोका दुसऱ्याच दिवशी सोडून टाकला, पोरीयले बाहेर निंघू देल्लं नाही." यावरून काही काढता येतं का?

दुसरं म्हणजे मी प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ असं लिहिलं आणि खोडलं. खोटं नाही आहे ते, पण वाचलं तर ती दिसतच नाही. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते, दम्यामुळे काम सुटलं तेव्हा बाबा सातवीत आणि खाली तीन भावंडं. तेव्हापासून आजी लग्नाकार्याच्या ऑर्डरी घेऊन लंबी रोटी करायची. चौघंही शिकले त्या रोट्यांवर. हे सगळं एका पानात कसं बसवू सांगा.

जुना_मास्तर
पोरी, आधी तुझ्या आजीला नमस्कार. जन्मसालासाठी कोतवाल बुक पाहा. आपल्याकडे सीपी अँड बेरारच्या (मध्य प्रांत आणि वऱ्हाड) काळात गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद ठेवायचा, त्याची नक्कल तहसील ऑफिसच्या रेकॉर्ड रूममधून अर्ज करून मिळते. जातपडताळणीसाठी लोक तेच काढतात. भिवापूर आधी उमरेड तालुक्यात होतं म्हणून दोन्हीकडे विचार. एक लक्षात ठेव, आजीचं नाव शोधत बसू नको, जुन्या नोंदीत पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, बापाचं नाव, जात आणि मुलगा की मुलगी एवढंच. तुझ्या पणजोबाच्या नावाने शोध, आणि मुलगी लिहिलेल्या सगळ्या तारखा उतरवून घे कारण बहिणी किती होत्या ते तुला माहीत नसेल.

उमरेड_रोड
चिमूरला चले जाव आंदोलनात गोळीबार झाला त्याची तारीख पक्की आहे, १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचाच दिवस. म्हणजे तुमच्या आजीची आठवण बरोबर आहे, झोका आणि गोळीबार दोन्ही एकाच सणाचे. नऊ-दहा धरले तर १९३२-३३. आधारप्रमाणे ती तेव्हा चार वर्षांची येते, चार वर्षांच्या पोरीला बाप बाहेर पडू नको असं सांगत नाही, ती तशीही घरातच असते. माझी स्वतःची आजी त्याच पट्ट्यातली, म्हणून वाचताना भरून आलं. लग्न होऊन नागपूरला आली ती नॅरोगेजच्या छोट्या गाडीनेच आली असेल ना, नागभीडहून इतवारीला येणारी? २०१९ मध्ये ती लाइन मोठी करायला बंद केली. आणि हेही लिहा की नागपुरात महालातल्या त्याच घरात राहून तिने चार राज्यं पाहिली. सीपी अँड बेरार, मग १९५० पासून मध्य प्रदेश, १९५६ ला मुंबई राज्य आणि १९६० ला महाराष्ट्र. लग्न १९५० च्या नंतरचं असेल तर मात्र पहिलं राज्य माहेरात मोजा.

वडाभात_आणि_कढी
ताई, मी माझ्या आईवर लिहिलं होतं म्हणून सांगते, विशेषणं सगळी काढून टाका आणि फक्त तिचे हात लिहा. लंबी रोटी करणारीचे हात मी जवळून पाहिले आहेत, आमच्या मोहल्ल्यात एक काकू होत्या. कणीक इतकी सैल की परातीत पसरते, ती आपटून आपटून तार आणायची, मग दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवायची आणि पालथ्या मडक्यावर टाकायची, खाली चूल पेटलेली. काकूंच्या मनगटापासून कोपरापर्यंत एक केस नव्हता, जळून गेलेले. तुमच्या आजीचेही तसेच असतील. वय, सालं एका ओळीत येऊन जाऊ द्या, बाकी पान त्या हातांना द्या. आणि बाबांना विचारा, ते तेव्हा बाजूला बसलेले असणार. पुरुष माणसं स्वतःहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.

महालची_नात
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई तुमचं ऐकून काल रात्री बाबांना विचारलं आणि ते दोन तास बोलले, इतकं मी त्यांना कधीच बोलताना पाहिलं नव्हतं. हो, आजीच्या हातावर केस नव्हते, मला लहानपणी वाटायचं सगळ्याच आजींचे हात असे असतात. बाबा म्हणाले चुलीत लाकडं सारायचं काम त्यांचं, पहाटे तीनला उठायचं, पुस्तक मांडीवर आणि उजेड चुलीचा, दहावीचा अर्धा अभ्यास तिथे झाला. पहिली रोटी नेहमी फाटायची कारण मडकं नीट तापलेलं नसतं, ती फाटकी रोटी तूप-गूळ लावून बाबांना. पुढे आम्हा नातवंडांनाही आजी उन्हाळ्यात एखाद्या दिवशी मडकं मांडून लंबी रोटी खाऊ घालायची, तेव्हा आम्ही फाटक्या रोटीसाठी भांडायचो आणि ती मुद्दाम दोन-तीन फाडायची. आणि मला हे माहीतच नव्हतं की तेरवीच्या घरची ऑर्डर असली तर ती मजुरी घेत नव्हती, फक्त लाकडं आणि पीठ त्यांचं. घरात चार पोरं आणि आजोबा खाटेवर असतानाही.

लग्न १९४९-५० चं असावं असं आत्या म्हणते, आणि हो, छोट्या गाडीनेच आली होती, गाडीत उलटी झाली म्हणून सासरी पोहोचेपर्यंत रडत होती म्हणे. तेही लिहिते. साल "१९३२ च्या सुमारास" असं टाकते.

मडकं आत्याकडे आहे अजून. शुक्रवारी त्याच्यावरच रोट्या करायच्या ठरल्या, आत्या करणार आणि लाकडं सारायला बाबा बसणार. सोमवारी ते भिवापूरला जाऊन राहिले कोतवाल बुकासाठी, नोंद सापडली तर इथे टाकते.