सँडीकोम लॉज: पाडलेले मजले आणि उरलेला जिना

लंडनमधील ट्विकनहॅमच्या सँडीकोम लॉज या घराचे नूतनीकरण करताना बाजूच्या दालनांवरील मजले उतरवले, ही इतिहासाची मोडतोड झाली, हे म्हणणे मला पटत नाही. इंग्रज चित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नरने स्वतः आराखडे काढून हे छोटे घर १८१३ च्या सुमारास बांधून घेतले आणि १८२६ मध्ये विकले. ते मजले त्यानंतरच्या मालकांनी चढवलेले होते. चित्रकार विल्यम हॅवेलने टर्नरच्या हयातीतच काढलेल्या चित्रात ही दालने एकमजलीच दिसतात, त्यामुळे २०१७ मध्ये पूर्ण झालेल्या कामाला भक्कम आधार होता. भिंतींवरचा पांढरा थर काढल्यावर मूळ वीटकामही उजेडात आले.

माझ्या मते या वास्तूचा खरा प्राण तिच्या जिन्यात आहे. वक्र भिंतींमधून वर चढणारा आणि छतातील झरोक्यातून प्रकाश घेणारा हा जिना पाहिला की टर्नरचा मित्र, वास्तुविशारद जॉन सोन, याचा प्रभाव लगेच जाणवतो. एवढ्याशा जागेत इतकी ऐसपैस भावना निर्माण करणे सोपे नव्हे. टर्नरचे वृद्ध वडील येथे स्वयंपाक आणि बाग सांभाळत. मूळ दर्शनी भागाचे प्रमाण परत आल्यानेच ही उंच मधली इमारत आणि ठेंगण्या बाजू यांचा तोल पुन्हा उमगतो.