जुन्या डिस्कचा वेग : केवळ ८ ने भागणे पुरेसे नाही

एमएफएम (डिस्कवर बिट नोंदवण्याची जुनी पद्धत) हार्ड डिस्कचा ५ मेगाबिट प्रतिसेकंद हा वेग, एका बाइटमध्ये ८ बिट म्हणून, ८ ने भागून सेकंदाला ६२५ किलोबाइट असा काढला जातो. भागाकार बरोबर आहे. परंतु तो आकडा हेडखालून (डिस्क वाचणाऱ्या भागाखालून) जाणाऱ्या सर्व बिटांचा असून त्यांत सेक्टरचे (माहितीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांचे) पत्ते, मधल्या मोकळ्या जागा आणि त्रुटी तपासणीचे बिटही येतात. अशा डिस्कच्या एका ट्रॅकवर (वर्तुळाकार पट्टीवर) सहसा ५१२ बाइटचे १७ सेक्टर असत. मिनिटाला ३,६००, म्हणजे सेकंदाला ६० फेरे धरले, तर प्रत्यक्ष माहिती ५,२२,२४० बाइट, म्हणजे १,०२४ च्या हिशेबाने ५१० किलोबाइट एवढीच मिळते. त्यातही कंट्रोलर (डिस्क चालवणारे सर्किट) मंद असल्यामुळे ३:१ इंटरलीव्ह (क्रमाने येणारा पुढचा सेक्टर लगेच शेजारी न ठेवता तिसऱ्या जागी ठेवणे) ठेवावा लागला असेल, तर एक ट्रॅक वाचण्यास सुमारे तीन फेरे लागतात आणि वेग १७० किलोबाइटच्या आसपास येतो. जुन्या यंत्रावरून माहिती उतरवून घेण्यास किती वेळ लागेल याचा अंदाज बांधताना, माझ्या मते, हाच आकडा धरावा.

पहिल्या पिढीच्या साटाला (SATA, डिस्क संगणकाला जोडण्याची नंतरची पद्धत) मात्र ८ हा भाजकच लागू पडत नाही, कारण तेथे प्रत्येक बाइट १० बिटांच्या रूपात पाठवला जातो, म्हणून १.५ गिगाबिटचे १८७.५ नव्हे, तर १५० मेगाबाइट होतात.

सीडी-रॉमच्या एकपट वेगाचे १५० किलोबाइट हे १,०२४ बाइटचे आहेत (७५ सेक्टर गुणिले २,०४८ बाइट), त्यामुळे १,००० च्या हिशेबात ते १५३.६ असे लिहावे लागतात.